वाफशापासून उन्हापर्यंत: पावसाळ्यानंतरच्या भाजीपाला लागवडीचा आढावा

हस्ताचा पाऊस ओसरला की रोपवाटिकांत वर्दळ सुरू होते. कोबी, फ्लॉवर, वाटाणा, गाजर, मेथी, पालक, कांदा, लसूण अशा बहुतेक हिवाळी भाज्यांचा हंगाम इथून पुढे उभा राहतो. पण नेमकी लागवड कधी करायची, असे विचारले तर तीन वेगळी उत्तरे मिळतात. घरातली जुनी माणसे नक्षत्र सांगतात, कृषी विद्यापीठांच्या शिफारशी पंधरवडा सांगतात आणि बियाण्याच्या पाकिटावर ‘ऑक्टोबर ते डिसेंबर’ असे मोघम छापलेले असते. एखाद्या गावी ही तिन्ही उत्तरे जुळतात, तर पन्नास कोसांवर तिन्ही फसतात. अलिबाग, निफाड, सोलापूर आणि गोंदिया इथला ऑक्टोबर सारखा नसतो, हे त्याचे साधे कारण.

शेतीच्या दृष्टीने महाराष्ट्राचे नऊ हवामान विभाग मानले जातात. कोकणच्या जांभ्या जमिनीपासून पूर्व विदर्भाच्या भातपट्ट्यापर्यंत पाऊस, माती आणि थंडी या तिन्ही गोष्टी बदलत जातात. तरीही लागवडीचा हिशेब करायची रीत सगळीकडे एकच ठेवता येते. हंगामाला दोन कडा असतात. जमिनीला वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, येतो ती पुढची कड आणि फेब्रुवारी-मार्चचे ऊन चढते ती मागची कड. या दोन कडांमध्ये आपल्या शिवारात किती दिवस मिळतात आणि त्यात रात्री किती गार होतात, यावर पीक आणि वाण ठरवायचे. तारीख त्यातून आपोआप निघते.

थंड देशांचा हिशेब वेगळा का

इंटरनेटवर वाचायला मिळणारा बहुतेक सल्ला युरोप-अमेरिकेतला असतो. लंडनला किंवा न्यू जर्सीला राहणारी मराठी कुटुंबे घरामागच्या वाफ्यात मेथी-कोथिंबीर लावतात, त्यांना तो उपयोगी पडतो. तिथे मोजणी पहिल्या हिमतुषारापासून मागे करतात. मुळ्याला चाळीस-पन्नास दिवस लागत असतील, तर दव गोठायच्या तारखेआधी तेवढे दिवस हातात ठेवून बी टाकायचे. शिवाय तिथे उजेडही कमी पडतो. दिवस दहा तासांहून लहान झाला की पालेभाज्यांची वाढ जवळपास थांबते, असा तिथल्या बागाइतदारांचा ठोकताळा आहे. लंडनमध्ये डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो. म्हणून तिथे रोप थंडी पडण्याआधीच मोठे करून ठेवावे लागते. मग ते हिवाळाभर उभे राहते आणि हवे तसे काढून खाल्ले जाते.

आपल्याकडे मुंबईचा सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे अकरा तासांचा असतो. उजेडाअभावी वाढ खुंटण्याचा प्रश्न महाराष्ट्रात येत नाही. हिमकण महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी किंवा निफाडच्या द्राक्षपट्ट्यात एखाद्या वर्षी दिसतात आणि त्यांची वर्तमानपत्रांत बातमी होते, इतके ते विरळ असतात. त्यामुळे ‘थंडी पडायच्या आत उरका’ हा सल्ला इथे जवळजवळ निरुपयोगी आहे. इथे मोजणी उन्हापासून मागे करावी लागते.

लसणाचे उदाहरण घेतले म्हणजे फरक स्पष्ट होतो. इंग्लंडातही लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात आणि पुणे-नाशकातही. इथे तो साधारण चार-साडेचार महिन्यांत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. तिथे तोच लसूण हिवाळा जमिनीत काढतो आणि उन्हाळ्यात, बहुधा जुलैत उपटला जातो. कांद्याचे तर वाणच वेगळे लागतात. आपले कांदे अकरा-बारा तासांच्या दिवसात पोसतात. उत्तर युरोपातल्या वाणांना चौदा तास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो. तिकडून हौसेने आणलेले बी इथे लावले तर नुसती पात वाढत राहते, गड्डा धरत नाही. आणि ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या नातेवाइकांशी तुलना करायची तर कॅलेंडरच उलटे करावे लागते. मेलबर्नला मार्च ते मे हा तिथला शरद असतो आणि लसूण एप्रिल-मेच्या सुमारास जमिनीत जातो.

परक्या सल्ल्याचा धोका देशातल्या देशातही आहे. दिल्लीच्या पुसा इथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने भाज्यांची अनेक उत्तम वाणे दिली, पण त्यांचे लागवडीचे महिने उत्तरेच्या मैदानासाठी बसवलेले आहेत. दिल्लीची जानेवारीतली रात्र आणि रत्नागिरीची रात्र यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पाकिटावरची तारीख वाचताना ती कोणत्या गावासाठी आहे, हे आधी विचारले पाहिजे.

पुढची कड: परतीचा पाऊस आणि वाफसा

हवामान खात्याने 2020 मध्ये मान्सूनच्या सरासरी तारखा सुधारल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख पूर्वी 29 सप्टेंबर होती, ती 8 ऑक्टोबर झाली. पश्चिम राजस्थानातून परतीची सुरुवात 1 सप्टेंबरऐवजी 17 सप्टेंबर धरली जाऊ लागली. शेतकऱ्यांच्या अनुभवाला आलेली गोष्ट कागदावर आली एवढेच. हस्तानंतर पाऊस संपला असे धरून चित्रा नक्षत्रात, म्हणजे 10 ऑक्टोबरच्या पुढे, निर्धास्तपणे बी टाकायची रीत आता जोखमीची झाली आहे. 2019 मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाने कांद्याचे उभे पीक आणि रोपे दोन्ही नासली. त्या डिसेंबरात किरकोळ बाजारात कांदा किलोला शंभर रुपयांच्या वर गेला.

पाऊस गेला तरी लगेच लागवड होत नाही. काळ्या भारी जमिनीत पाणी मुरते, चिखल राहतो आणि वाफसा यायला आठ-दहा दिवस जातात. घाई करून ओल्यात नांगर-कुळव घातला तर ढेकळे होतात आणि ती हंगामभर त्रास देतात. मुरमाड, हलक्या रानात दोन-तीन दिवसांत काम सुरू करता येते. त्यामुळे एकाच गावात दोन शेजाऱ्यांच्या लागवडीत आठवड्याचे अंतर पडते आणि दोघेही बरोबर असतात.

यावर जुना आणि आजही सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे गादीवाफा. जमिनीपासून वीतभर उंच वाफ्यावर रोप टाकले तर पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला तरी पाणी निचरून जाते आणि रोपे कोलमडण्याचा मर रोग आटोक्यात राहतो. कोबी-फ्लॉवर, टोमॅटोचे रोप चार आठवड्यांच्या आसपास आणि कांद्याचे रोप सहा ते आठ आठवड्यांत लावणीला येते. म्हणजे मुख्य शेत तयार होईपर्यंतचे दिवस रोपवाटिकेत सत्कारणी लागतात. ऑक्टोबर हीटचे कडक ऊन कोवळ्या रोपांना सोसत नाही, म्हणून शेडनेट किंवा साधे कडब्याचे छप्पर घालायचे आणि पुनर्लागवड दुपार टळल्यावर करायची. गच्चीवर कुंड्यांत भाजी लावणाऱ्यांनाही हेच लागू आहे. सिमेंटची गच्ची ऑक्टोबरात शेतापेक्षा जास्त तापते.

कोकण आणि गोवा: गार रात्रींविना हिवाळा

मुंबईत ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवसाचे तापमान 33 अंशांच्या आसपास राहते आणि किनाऱ्यावर रात्रीही फारशा गार होत नाहीत. बटाट्याला कंद धरायला रात्रीचा पारा 20 अंशांखाली यावा लागतो. उशिराच्या फ्लॉवरला तर त्याहून बरीच जास्त थंडी हवी. म्हणून घाटावरची यादी घेऊन कोकणात उतरणे फारसे फळत नाही. पण जी वेलवर्गीय पिके घाटावर डिसेंबरात थंडीने आखडतात, ती काकडी, दुधी, दोडका, कलिंगड कोकणात भात निघाल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरात लावली तरी जोमाने चालतात. त्यांच्या जोडीला चवळी, लाल माठ, मुळा, वांगी, मिरची असतेच.

कोकणातली लागवडीची तारीख खरे तर जूनमध्येच ठरते. हळवे भात लावले असेल तर शेत ऑक्टोबरच्या सुरुवातीला मोकळे होते. गरवे असेल तर नोव्हेंबर उजाडतो. भाताच्या ओलीवरच रायगडात कडवा वाल पेरतात आणि तो पाण्याच्या एकाही पाळीविना येतो. पेरणी जितकी लांबते तितकी ओल खाली जाते आणि शेंगा कमी भरतात. जानेवारी-फेब्रुवारीत भांबुर्डीच्या पाल्यात मडक्यात शिजणारी पोपटी याच वालावर चालते. अलिबागचा पांढरा कांदाही भाताच्या खाचरांतच, भातकापणीनंतर लावला जातो आणि माळा करून विकला जातो.

वालाची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याची गावरान वाणे दिवस लहान झाल्याशिवाय फुलावर येत नाहीत. जूनमध्ये लावलेला वेल मांडवभर पसरतो आणि फुले मात्र पावसाळ्यानंतरच धरतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेले ‘कोकण भूषण’ हे वाण दिवसाच्या लांबीला बांधलेले नाही. त्यामुळे लागवडीची तारीख शेतकऱ्याच्या हातात येते.

गोव्यात पावसाळी भातानंतरच्या हंगामाला वायंगण म्हणतात. पाण्याची सोय असेल तिथे पुन्हा भात आणि नसेल तिथे तांबडी भाजी, मुळा, नवलकोल, मिरची, आळसांदे अशी वाटणी असते. आगशीची मोठी वांगी याच हंगामातली. कोबी, गाजर, बटाटा यांसाठी गोवा मोठ्या प्रमाणात बेळगावकडे पाहतो. घाट चढला की रात्र गार होते आणि पिकांची यादी बदलते, याचा तो रोजचा पुरावा आहे.

घाटमाथा आणि पश्चिम महाराष्ट्र: थंडीचा भरवसा

पुणे, सातारा, नाशिक, नगर हा हिवाळी भाज्यांचा राज्यातला सर्वांत अनुकूल पट्टा आहे. जानेवारीत पुण्या-नाशकाचे रात्रीचे सरासरी तापमान दहा-बारा अंशांपर्यंत उतरते आणि निफाडचा पारा कित्येकदा राज्यात नीचांकी असतो. वाटाणा, फ्लॉवर, कोबी, गाजर, बीट, लसूण ही सगळी मंडळी इथे खूश असतात. या थंडीत बिघडते ते टोमॅटोचे. रात्री दहा-बारा अंशांखाली गेल्या की फळधारणा मंदावते, म्हणून टोमॅटोची रोपे थंडीचा कडाका सुरू होण्याआधी फुलावर येतील अशा बेताने लावावी लागतात.

हिवाळ्यात खाल्ली जाणारी प्रत्येक भाजी हिवाळ्यासाठीच लावलेली असते असे नाही, हेही इथेच कळते. पुरंदरचा वाटाणा आणि आंबेगावच्या सातगाव पठारावरचा बटाटा हे पावसाळी हंगामाचे पीक आहे. उंचीमुळे तिथला पावसाळाच पुरेसा थंड असतो. खानदेशातली भरताची वांगीही पावसाळ्याच्या तोंडाला लावतात आणि ती हिवाळ्यात भरताच्या मेजवान्यांना येतात. ऑक्टोबरात रोप लावून नाताळला भरीत खाईन म्हणणाऱ्याची निराशा ठरलेली.

कोल्हापूर-सांगलीकडे भाजीला स्वतंत्र रान मिळत नाही, ऊस मिळू देत नाही. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागणारा पूर्वहंगामी ऊस उपयोगी पडतो. उसाची वाढ थंडीत हळू असते. तो सरी झाकून टाकेपर्यंत कांदा, फ्लॉवर, बीट किंवा कोथिंबीर आंतरपीक म्हणून निघून जाते आणि उसाच्या सुरुवातीच्या खर्चाला हातभार लावते. इथे कमी दिवसांचे वाणच चालते. लांबले तर ऊस दबतो.

सोलापूर, मराठवाडा, विदर्भ: ओल आणि विहीर

सोलापूर-नगरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात सप्टेंबरचा पाऊस हा वर्षाचा आधार असतो. खोल काळी जमीन ती ओल धरते आणि तिच्यावर ज्वारी, करडई, हरभरा येतो. या भागातल्या हिवाळी भाज्या बऱ्याच अंशी या कोरडवाहू पिकांतूनच मिळतात. हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाडाला फांद्या फुटतात आणि घरात भाजीही होते. करडईची कोवळी पाने विरळणीतून मिळतात. विहिरीला पाणी असेल तरच कोबी-फ्लॉवरचा विचार करावा. फेब्रुवारीत विहीर खडखडत असेल, तर दोन महिन्यांत आवरणारी मेथी, पालक, मुळा यांवर थांबणे शहाणपणाचे. इथे मागची कड उन्हाआधी पाणीच ठरवते.

मराठवाड्यात अडचण पुढच्या कडेची असते. परतीचा पाऊस भारी जमिनीत बसला की ऑक्टोबरचा बराचसा भाग वाफशाची वाट पाहण्यात जातो. रुंद वरंबे, उंच गादी आणि ठिबक यांनी ते दिवस थोडे वाचवता येतात. उन्हाळा इथे लवकर येतो, म्हणून उशिरा लावलेल्या वाटाण्याची गोडी जाते, दाणे पिठूळ होतात आणि भुरी रोग धरतो.

नागपूर-गोंदियाकडे डिसेंबर-जानेवारीची थंडी चांगली पडते, कधी पारा दहाच्याही खाली जातो. पण भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या भातपट्ट्यात शेत मोकळे व्हायला नोव्हेंबर लागतो. म्हणून भात उभे असतानाच त्यात लाखोळी फोकायची उतेरा पद्धत तिथे रुळली. तिचा कोवळा पाला भाजीला येतो. थंडी चांगली पण अवधी आखूड, अशा या भागात रोपे आधी तयार ठेवणाऱ्याला खरा फायदा होतो. भात कापले की दुसऱ्या आठवड्यात कोबी लावता येते. बी त्यानंतर टाकणाऱ्याचा महिना गेलेला असतो.

वाण चुकले तर हंगाम चुकला

फ्लॉवर हे या सगळ्या चर्चेचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. त्याच्या वाणांचे गट थंडीनुसार पाडले आहेत. लवकरच्या वाणांना गड्डा धरायला साधारण 20 ते 27 अंश चालतात, तर उशिराच्या स्नोबॉल गटाला 10 ते 16 अंश लागतात. स्नोबॉल सप्टेंबरात किंवा कोकणात लावला तर पाने वाढत राहतात आणि गड्डा येत नाही, आला तर विस्कटलेला येतो. लवकरचे वाण डिसेंबरच्या थंडीत लावले तर रोप लहान असतानाच बटणाएवढा गड्डा धरते आणि तिथेच थांबते. दोन्ही वेळा दोष बियाण्याला दिला जातो; बहुतेकदा तो वाण आणि तारखेच्या चुकलेल्या जोडीचा असतो.

गाजरात पुसा केसरसारखी देशी लाल वाणे ऊन बऱ्यापैकी सोसतात. नॅन्टिससारख्या केशरी विलायती वाणांना गार माती हवी. मुळ्यात पुसा चेतकी उन्हाळ्या-पावसाळ्यातही येतो, पुसा हिमानी कडक थंडीचा आहे. सप्टेंबरअखेर पहिला आणि डिसेंबरात दुसरा पेरला तर दोन्ही चांगले येतात. त्यांची अदलाबदल केली तर फसगत होते.

कांदा या नियमाला थोडा अपवाद आहे. बाकी भाज्या उन्हाआधी घरी यायला हव्यात. रब्बी कांद्याला शेवटी ऊनच हवे असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी टाकून डिसेंबर ते जानेवारीच्या पूर्वार्धात लावणी केली की थंडीत पात वाढते आणि पुढे वाढत्या दिवसात, उन्हात कांदा पोसतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत माना पडल्या की तो चाळीत महिनोन्‌महिने टिकतो. रोप फार लवकर टाकले आणि जाडजूड झालेल्या झाडांना थंडी लागली तर डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात. फार उशीर केला तर कांदा बारीक राहतो. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची भीमा शक्ती, भीमा किरण किंवा नाशिक पट्ट्यातले जुने एन-2-4-1 ही रब्बीची वाणे आहेत. ती खरिपात लावून किंवा खरिपाची रब्बीत लावून साठवणुकीची आशा धरू नये.

कीड-रोगही तारखेशी बांधलेले आहेत. कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग हिवाळ्याच्या अखेरीला, ऊन वाढताना जास्त त्रास देतो. कोबीच्या दर 25 ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावायची शिफारस आहे. त्यातली पहिली ओळ कोबीच्या लावणीआधी साधारण पंधरवडा पेरायची. पतंग अंडी घालायला मोहरीकडे वळतो आणि फवारण्या वाचतात. लवकर लावणाऱ्याला ही कीड कमी भेडसावते, हा आणखी एक लाभ.

सगळ्यांनी एकाच दिवशी लावले तर

हवामानाचा हिशेब जमला तरी बाजाराचा उरतो. दिवाळीनंतर सगळा जिल्हा एकदम कोबी, फ्लॉवर, मेथी लावतो आणि जानेवारीत सगळा माल एकदम बाजारात येतो. काढणीचा खर्च निघत नाही म्हणून उभ्या कोबीत मेंढ्या सोडल्याचे दर दोन-तीन वर्षांनी कुठे ना कुठे दिसते. वाफसा सगळ्यांना एकदम येतो, त्यामुळे हे काही अंशी अटळ आहे. तरी पालेभाज्या आठ-दहा दिवसांच्या अंतराने थोड्या थोड्या पेरणे, गड्ड्याच्या भाज्यांत लवकरची आणि उशिराची वाणे विभागून लावणे आणि हलक्या रानाचा आधी लागवड करायला उपयोग करून घेणे, एवढे प्रत्येकाच्या हातात आहे. घरच्या वाफ्यासाठीही हाच नियम लागू आहे. एकाच दिवशी टाकलेली मेथी एकाच आठवड्यात खाऊन संपवावी लागते.

नक्षत्र, शिफारस आणि पाकीट या तिघांपैकी कोणालाच मोडीत काढायचे कारण नाही. नक्षत्राने पावसाची चाल सांगितली, पण ती चाल आता पुढे सरकली आहे. विद्यापीठाची शिफारस आपल्या विभागाची असेल तर पाकिटाहून नेहमीच सरस. मात्र निर्णयाला लागणारी माहिती गावातच मिळते: आपल्या रानाला वाफसा कधी आला, विहिरीचे पाणी कधीपर्यंत पुरले, पहाटेची थंडी कधी सुरू झाली आणि दुपारचे ऊन कधी टोचायला लागले. या चार तारखा दरवर्षी वहीत लिहून ठेवा. तीन-चार वर्षांत प्रत्येक शेतकऱ्याकडे स्वतःच्या शिवाराचे वेळापत्रक तयार होईल आणि कोणत्याही छापील वेळापत्रकापेक्षा ते अधिक खरे असेल.